वाढीव तुकडा

लोखंड ठोकायचा हॅमर बंद पडून बावीस दिवस झाले होते आणि घरात कोणाचंच बूड एका जागी ठरत नव्हतं.

घर वर आणि कारखाना खाली. चाळीस वर्षं हॅमरच्या ठोक्याने वरच्या मजल्यावरच्या कपबशा किणकिणत आल्या होत्या. पाहुणे दचकायचे, घरचे खुशाल झोपा काढायचे. आता ठोका थांबला होता तर घरचेच दचकत होते. बाबांना गेली दहा वर्षं कानांनी फारसं ऐकू येत नव्हतं. ते ठोका तळपायांनी ऐकायचे. बावीस दिवस ते खुर्चीत बसून जमिनीवर पाय आपटत होते. त्यांच्या धाकट्या मुलाने दोनदा सांगून पाहिलं, पण बहिऱ्या माणसाला गप्प करणं सोपं नसतं.

त्यात आज शनिवार, आत्याने पंच खाली ठेवायचा दिवस. तपासणीच्या खोलीत सगळे जमले होते आणि सगळेच उभे होते. बसायचं कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

पंच म्हणजे बोटभर लांबीची पोलादी कांडी. टोकाला छोटा त्रिकोण. तो त्रिकोण उमटल्याशिवाय इथली पाइप जोडायची एकही फिटिंग दार ओलांडत नाही, हा आजोबांचा नियम. आजोबा गेले तेव्हा कारखाना बाबांकडे आला आणि पंच त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, आत्याकडे. एकतीस वर्षं झाली त्याला. आता डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागलाय असं सांगितलं होतं, आणि आत्याने कोणी सुचवायच्या आत स्वतःच जाहीर केलं होतं की शनिवारचा लॉट शेवटचा, त्यानंतर पंच बाबांच्या थोरल्या मुलाचा.

टेबलावर तो शेवटचा लॉट मांडलेला होता. चोवीस कपलिंग, म्हणजे दोन पाइप सरळ जोडायचं नळकांडं, आणि अठरा टी, म्हणजे मधून फांदी फुटलेले तीन तोंडांचे जोड. गिऱ्हाईक जुनं होतं. कापड रंगवायच्या कारखान्यांना वाफेच्या टाक्या बनवून देणारा माणूस. त्याला घरात सगळे ‘टाकीवाले’ म्हणत, त्याच्या तोंडावरसुद्धा.

“ताई, आटप आता,” बाबा ओरडले. ते साधं बोलायचे तेही ओरडूनच. “पंच दे पोराला आणि मोकळी हो!”

पोर सेहेचाळीस वर्षांचं होतं. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा टेबलावर ठेवला. “हा वाढीव, आत्या. कापून, घासून, आम्ल लावून तयार आणलाय. तुला त्रास नको.”

दर लॉटमध्ये एक नग जास्त करायचा, हीही आजोबांचीच पद्धत. त्या नगाला ‘वाढीव’ म्हणायचे. तो विकायचा नाही. उभा मधोमध कापायचा, आरशासारखा घासायचा आणि आम्ल चोळायचं. मग लोखंडाच्या आतले तंतू रेघांसारखे वर येतात. शितावरून भाताची परीक्षा. कापलेली एक बाजू क्रमांक घालून जिन्याखालच्या फळीवर कायमची ठेवायची. त्या फळीवर तीन पिढ्यांचे अर्धे तुकडे होते.

आत्याने फडक्याला हात लावला नाही.

“राहू दे तो,” ती म्हणाली. “आज शेवटचा दिवस आहे. आज मी माझ्या हाताने उचलते.” आणि तिने अठरा टींमधला मधलाच एक उचलला.

“अगं, वाढीव आहे ना समोर? कशाला चांगला नग फुकट घालवतेस?”

“आत्या, अठराच पाहिजेत,” धाकटा म्हणाला. गिऱ्हाइकं सांभाळायचं काम त्याचं. “त्यांच्या या दुसऱ्या टाकीला अठरा भोकं आहेत. सतरा टी घेऊन ते एका भोकाला काय बूच लावणार? तीनला येतायत ते, रस्त्यात असतील.”

“मग फडक्यातला जोडून देऊ अर्धा,” आत्या म्हणाली. सगळे हसले. थोरला जरा उशिरा हसला.

“हा कापायला सांग मामांना,” ती थोरल्याच्या बायकोला म्हणाली. मामा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. पण आत्या आणि मामा एकमेकांशी बोलत नसत. अकरा वर्षांपूर्वी मामांनी लोखंड पुरतं लाल नसताना ठोकलेला अख्खा लॉट आत्याने भंगारात टाकला होता, सगळ्या कामगारांसमोर. मामा म्हणजे बाबांचे मेहुणे. बहीण गेल्यावरही ते हॅमर सोडून गेले नाहीत, आत्याशी बोलणं मात्र सोडलं. तेव्हापासून दोघांमधले सगळे निरोप थोरल्या सुनेमार्फत, म्हणजे थोरलीमार्फत, जायचे. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं आपल्याला हिशोबाचं काम मिळेल, मिळालं टपालाचं.

“त्यांना म्हणावं, कापतो,” मामा म्हणाले आणि टी घेऊन करवतीकडे गेले.

थोरला त्यांच्या मागे दोन पावलं गेला, परत आला, पुन्हा गेला. बाबांचा पाय चालूच होता.

* * *

पाऊण तासाने आत्या उत्तरेच्या खिडकीशी उभी राहिली. गरम पाण्यातून काढलेला अर्धा टी तिने उजेडाकडे धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तुकडा नाकाजवळ नेला.

तिने तुकडा आडवा धरला, मग उभा. मग अंगठा फांदीच्या कोपऱ्यावरून हळूहळू फिरवला, जिथे रेघा वळायला हव्यात तिथे. रेघा वळल्या नव्हत्या. शाळेच्या वहीतल्यासारख्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या होत्या आणि फांदीच्या भिंतीत आरपार तुटल्या होत्या.

“हा ठोकलेला नाही,” आत्या म्हणाली. “हा अख्ख्या सळईतून, बारमधून कापलाय.”

बाबांना ऐकू गेलं नव्हतं. ते धाकट्याला कोपराने ढोसत होते, “काय म्हणते? काय म्हणते?”

“बारमधला आहे म्हणते!” धाकटा ओरडला, आणि ओरडल्यावर त्याला कळलं आपण काय ओरडलो ते.

आत्या थोरल्याकडे वळली. “सगळे?”

“सगळे,” थोरला म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता आणि त्याच्या आवाजात चीड आली. “हॅमरचा दांडा तुटलाय बावीस दिवस. ठोकू कशाने, कपाळाने? तारीख याने दिलेली. बाबा म्हणाले कसंही कर पण तारीख चुकवू नकोस. मग मी जाड बार आणला आणि लेथवर केले. चांगला बार आहे, आत्या. कागद आहेत त्याचे. कपलिंग त्याच बारमधली आहेत, ती तुला चालतात ना?”

“कपलिंग चालतात.”

“मग? एकच बार, एकच भट्टी. कपलिंग चाललं आणि टी नाही, हा कुठला न्याय?”

“नियम आहे.”

“नियम आहे हे मलाही पाठ आहे. सरळ नळकांडं बारमधून चालेल, लांबी तंतूंच्या बाजूने असेल तर. टी नाही, वळणाचा एल्बो नाही. गळ्याची फ्लँज, पाइपाच्या तोंडाची चकती, प्लेटमधून नाही. लहानपणी पाढ्यांबरोबर म्हणून घेतलंस तू. पण मी प्रत्येक टीला पाण्याचा दाब दिलाय, लागतो त्याच्या दुप्पट. एक थेंब आला नाही. एक!”

आत्याने अर्धा टी त्याच्यापुढे धरला. “थेंब आज येत नाही रे. ही रेघ बघ. फांदीच्या भिंतीत ही आतल्या अंगाला सुरू होते आणि बाहेरच्या अंगाला संपते. लोखंडात बारीक मळ असतोच, तो या रेघेबरोबर लांबतो. ठोकताना रेघ कोपऱ्याला वळसा घालते, तेव्हा वाफेला भिंत आडवी पडते. इथे तू वाफेला आतून बाहेर जायला वाटच आखून दिलीस. टाकी रोज तापणार, रोज निवणार. वर्ष जाईल, दोन वर्षं जातील. आणि शेजारी कोण उभं असेल? कापड फिरवणारा माणूस.”

थोरला खाली बघू लागला. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं असतं.

“ठीक आहे,” धाकटा घाईने म्हणाला. आतापर्यंत जो भाऊ त्याला डोळ्यांसमोर नको असायचा त्याच्या तो आता खांद्याला खांदा लावून उभा राहिला होता, कारण तारीख त्यानेच दिली होती. “कपलिंग देऊ आज, टी नंतर देऊ. टाकीवाल्यांना मी सांगतो. चार शिव्या घालतील. विषय संपला.”

विषय संपला असता. पण मामा करवतीवरचा हात पुसत आत आले आणि सवयीने थोरलीला म्हणाले, “त्यांना विचार, गेल्या आठवड्यात पहिल्या टाकीसाठी बारा टी गेले त्यांचं काय?”

आत्याने विचारायची वाट पाहिली नाही. “ते हॅमर बंद पडायच्या आधी ठोकलेले होते,” ती हवेत बघत म्हणाली.

“त्यांना सांग, यांच्या कुठल्याच टाकीसाठी मी एकही टी ठोकलेला नाही. ऑर्डर आली तेव्हा दांडा तुटून आठ दिवस झाले होते.”

आता थोरल्याकडे सगळे बघू लागले. बाबासुद्धा, काय चाललंय ते न कळता.

“तेही बारमधलेच आहेत,” थोरला म्हणाला.

“ते टाकीला बसलेत?” आत्याने विचारलं.

“बसलेत. वाफ सोमवारी सोडणार आहेत.”

“त्यांच्यावर माझा त्रिकोण आहे,” आत्या म्हणाली. “मी मारलाय. मी वाढीव बघितला होता. याच खिडकीत.” ती बोलता बोलता खिडकीकडे गेली, जणू ती खिडकीच साक्षीदार होती. “रेघा वळलेल्या होत्या. मला चांगल्या आठवतात. कोपऱ्याला वळसा घेतलेला. मी तुला म्हणालेही, मामांचा हात अजून छान चालतो.”

थोरल्याची नजर टेबलावरच्या फडक्याकडे गेली.

“म्हणजे मला दिसल्या,” आत्या हळू म्हणाली, “पण नव्हत्या.”

दुसऱ्या कुठल्या घरात एखाद्याला शंका आली असती की तुकडाच दुसरा होता. आत्याला ती शंका येणंच शक्य नव्हतं. वाढीवच्या जागी कोणी परका तुकडा ठेवील, हे तिच्या लेखी अन्नात खडे कालवण्यासारखं होतं; शत्रूही करत नाही. तेव्हा राहिले फक्त डोळे. तिने चष्मा काढून हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने खिडकीचा गज धरला.

“ताई,” मामा म्हणाले, “खाली बसा.”

अकरा वर्षांनी ते तिच्याशी बोलले होते आणि तिला ते कळलंही नाही. ती बसली. मामांनी खुर्ची धरून ठेवली.

आणि सगळ्यांचं लक्ष आत्याकडे असताना थोरल्याने टेबलावरची फडक्याची पुरचुंडी उचलून खिशात घातली. सगळ्यांचं, म्हणजे थोरली सोडून.

* * *

थोरलीने त्याला जिन्याखाली गाठलं. तो फळीसमोर पाठमोरा उभा होता.

“दाखवा,” ती म्हणाली.

“काय?”

“अहो, सतरा वर्षं झाली लग्नाला. खिशात काय आहे ते दाखवा.”

त्याने पुरचुंडी दिली. तिने फडकं सोडलं. आत अर्धा टी होता. कापलेल्या बाजूला आम्ल ताजं होतं, रेघा कोपऱ्याला सुरेख वळल्या होत्या. पण पाठीमागून लोखंड जुनं, काळपट होतं, आणि जिथे क्रमांक असायला हवा तिथे कानशीने घासून चकचकीत केलेला डाग होता. तिने फळीकडे बघितलं. तिसऱ्या ओळीत धुळीत एक मोकळी जागा होती, टीच्याच आकाराची.

“हाच तेव्हाही दाखवलात?”

त्याने तुकडा परत घ्यायला हात पुढे केला. तेवढं पुरेसं होतं.

तिला आधी राग आला नाही, त्या बारा टींचे कागद आठवले. कागदांवर ‘फोर्जिंग’, म्हणजे ठोकलेला माल, हा शब्द तिने टाइप केला होता, याने सांगितला म्हणून. तेव्हा तिने विचारलं होतं, “हॅमर बंद आहे ना?” आणि हा म्हणाला होता, “आधीचे आहेत.” तिला ते पटलं नव्हतं. तरी तिने टाइप केलं. घरात शांतता हवी म्हणून माणूस काय काय टाइप करतो.

“सांगणारच होतो मी,” तो म्हणाला.

“कधी? टाकी फुटल्यावर?”

“ते बारा टी मी आज काढून आणणार आहे. टाकीवाले आले की त्यांच्याबरोबरच जातो, स्वतः पाना घेऊन. सोमवारी वाफ सुटणार नाही, ती काळजी करू नकोस. माल बदलून मिळेल. प्रश्न आहे तो फक्त कारण काय सांगायचं एवढाच.”

“आणि?”

“वर बाबा आणि धाकटा म्हणतायत, आत्याच्या डोळ्यांमुळे चुकून पास झाले असं सांगू.” तो भराभर बोलू लागला. “खोटं नाही ना ते पूर्ण? मोतीबिंदू आहेच. ती आज थांबतेच आहे. तिचं काही जात नाही यात. माझं जातं. मी आज पंच घेतोय. पहिल्याच दिवशी टाकीवाल्यांना कळलं की मी तपासणीत खोटा तुकडा ठेवला, तर उद्या या दारातून कोण माल घेईल? मामांसकट बावीस माणसं आहेत खाली.”

“तिचं काही जात नाही?”

“म्हातारपण आहे. होतं असं, लोक समजून घेतात.”

“तिला मोतीबिंदू आहे, ती आंधळी नाही. आत्ता ओळखलं ना तिने, एका नजरेत?”

“बाबा म्हणाले, एखादा दिवस बरा असतो, एखादा नसतो.”

हा माणूस वाईट नव्हता, हाच तर घोळ होता. वाईट असता तर तिने कधीच वर जाऊन सांगून टाकलं असतं. तिने तुकडा परत फडक्यात बांधला आणि त्याच्या हातात दिला.

“मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “घाबरू नका. मी सांगितलं तर तुमची सुटका होईल. बायकोने घात केला म्हणून आयुष्यभर कुढत बसाल आणि स्वतः काय केलंत ते विसराल. तुमचं तुम्ही बघा.”

ती वर गेली. तो जिन्याखाली उभा राहिला. बाहेर गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

* * *

थोरला तपासणीच्या खोलीत शिरला तेव्हा टाकीवाले आत्याच्या समोर बसले होते. जाडजूड, घामेजलेला, चांगल्या मनाचा माणूस. हातातल्या किल्ल्या सारख्या या बोटातून त्या बोटात फिरवायची सवय. बाबा दोघांच्या मध्ये कान पुढे करून बसले होते आणि धाकटा त्यांच्या कानात निरोप पोचवत होता, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकवत होता.

“बारा टी बदलून द्यायचे!” धाकटा ओरडला. “त्यांना सांगितलंय!”

“आणि डोळ्यांचं?” बाबा ओरडले. “तिच्या डोळ्यांचं सांगितलं का? दिसत नाही तिला म्हणावं!”

धाकट्याने मान खाली घातली. टाकीवाल्यांच्या किल्ल्या थांबल्या.

“मीच सांगते,” आत्या म्हणाली. ती ताठ बसली होती. पंच तिच्यासमोर टेबलावर होता. “ते बारा टी बारमधले होते. वाढीव कापून माझ्यासमोर आणला, आणि मी तो बघून पास केला. मला रेघा वळलेल्या दिसल्या. त्या नव्हत्या. दोष माझ्या नजरेचा. पोरांकडे बोट दाखवू नका. माल काय होता ते ओळखणं माझं काम होतं.”

“अहो ताई,” टाकीवाले कळवळून म्हणाले, “होतं असं. वय झालं. माझ्या वडिलांना शेवटी शेवटी मीच ओळखू यायचो नाही.” ते समजूत घालत होते, आणि आत्याच्या चेहऱ्यावर ती समजूत चापटीसारखी बसली. “तुमचा त्रिकोण बघितला की मी पुढचं बघत नव्हतो. तुम्ही वेळेवर सांगितलंत, उपकार झाले. आज संध्याकाळी काढून टाकू सगळे. फक्त, राग मानू नका, याआधीचा माल... गेल्या वर्षभराचा तरी... तो आमच्या माणसाकडून परत तपासून घ्यावा लागेल.”

“घ्या,” आत्या म्हणाली. “वर्षभराचा नको, दोन वर्षांचा घ्या. कधीपासून हे होतंय मला कळलेलं नाही.”

झालं. सगळं सुरळीत पार पडलं होतं. धाकट्याने मोठा श्वास सोडला. बाबांनी थोरल्याकडे बघून मान हलवली, म्हणजे सांभाळलं गेलं. टाकीवाले अठरा टींची नवी तारीख विचारत होते आणि धाकटा ती देत होता, पुन्हा तेवढ्याच उत्साहाने. मामा खिडकीशी पाठ करून उभे होते. थोरली दारात होती. ती थोरल्याकडे बघतसुद्धा नव्हती, कागद लावत होती.

थोरल्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याने हायसं वाटायची वाट पाहिली. खिशातला तुकडा मांडीला टोचत होता, तो त्याने सरकवला.

मग त्याचं लक्ष आत्याकडे गेलं. बाकीचे बोलत होते आणि ती त्यांच्यात नव्हती. समोरच्या भिंतीवर लेथच्या वेगांचा जुना तक्ता होता, बारीक आकड्यांचा. तिने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि तक्ता बघितला. मग डाव्यावर ठेवला. ओठ हलत होते. मग दोन्ही हात खाली ठेवून तिने शेजारच्या बाबांना, ज्यांना ऐकू येत नव्हतं, हळूच विचारलं, “अरे, वरच्या ओळीत शेवटी सहा आहे ना? मला सहा दिसतोय. सहाच आहे ना तो?”

बाबा म्हणाले, “हो, हो, येईल नवा दांडा मंगळवारी!”

वरच्या ओळीत शेवटी सहाच होता. थोरल्याला तो तक्ता पाठ होता. लहानपणी याच टेबलाखाली बसून त्याने तो तिच्याकडून शिकला होता, आणि चुकला की ती पायाच्या अंगठ्याने त्याच्या पाठीत ढोसायची.

“सहाच आहे, आत्या,” तो म्हणाला.

आवाज चमत्कारिक निघाला असावा, कारण धाकटा तारीख सांगता सांगता थांबला. थोरल्याने खिशातून पुरचुंडी काढली, फडकं सोडलं आणि अर्धा टी टेबलावर ठेवला, काळपट पाठ वर करून, घासलेला डाग सगळ्यांना दिसेल असा.

“ए, काय करतोस?” धाकटा पुटपुटला.

“टाकीवाले, तुम्हाला वर्षभराचा माल तपासायची गरज नाही,” थोरला म्हणाला. “फक्त ते बारा. त्यांचा वाढीव मी केलाच नव्हता. फळीवरचा जुना तुकडा काढला, क्रमांक घासला, आम्ल लावलं आणि तिच्या हातात दिला. तिने जे बघितलं ते तिथे होतं. मी फसवलं.”

“कोणाला? आम्हाला?” टाकीवाल्यांनी विचारलं. त्यांना अजून नीट कळलं नव्हतं.

“तुम्हाला नंतर. आधी आत्याला.”

बाबा धाकट्याला ढोसू लागले, “काय म्हणतोय? काय म्हणतोय?” या वेळी धाकटा ओरडला नाही. टाकीवाले उठून उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा बदलत चालला होता. आता काय काय होणार हे थोरल्याला स्पष्ट दिसत होतं: हा माणूस जाणार, त्याच्यामागून आणखी जाणार, पंच त्याच्या हातात येणार नाही, आज नाही आणि बहुधा कधीच नाही. त्याने त्या सगळ्याची तयारी ठेवली. आत्या आता उठेल, बोलेल, कदाचित हात उगारेल, त्याचीही तयारी ठेवली.

आत्याने तो अर्धा टी उचलला. चष्मा कपाळावर सरकवला आणि तुकडा नाकाजवळ नेला. कोपऱ्याला वळसा घेतलेल्या रेघांवरून तिने अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग तिने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथे जे होतं त्याची तयारी थोरल्याने ठेवली नव्हती. ती सुटल्यासारखी हसत होती.

“म्हणजे मला नीट दिसत होतं?” तिने विचारलं.

“हो, आत्या,” तो म्हणाला. “तुला नीट दिसत होतं.”